पोलो जीटीला बिलस्टाइन बी१४ बसवल्यावर: पुण्याचे रस्ते, चेन्नईचा ट्रॅक

गाडी चाकणची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, १०५ पीएसवाली. रोजचं बाणेर-हिंजवडी, सुट्टीला घाट आणि जमेल तेव्हा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. मूळचे शॉकअप थकले होते, बदलायचेच होते. मग म्हटलं, कॉइलओव्हरच बघू, म्हणजे थ्रेडवरची कॉलर फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच. घेतला बिलस्टाइनचा बी१४.

कॉइलओव्हरचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती क्लिक?’, म्हणजे डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा) किती टप्प्यांत बदलता येतं. केडब्ल्यू कंपनीचं गणित सोपं आहे: व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते, २ मध्ये रिबाउंडही (शॉकअप उघडतानाचं डॅम्पिंग), ३ मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचं) दोन्ही वेगवेगळे. बीसी रेसिंगच्या बीआरला ३० क्लिक आहेत, पण नॉब एकच. रिबाउंड घट्ट करायला जावं तर कम्प्रेशनही सोबत घट्ट होतं, आणि पुण्यातला प्रत्येक पॅच मणक्यात कळतो. बी१४ ला क्लिकच नाहीत. डॅम्पिंग कंपनीने ठरवलेलं, आपण फक्त उंची लावायची. मला तेच हवं होतं. ट्रॅकवर दोन सेशनच्या मधल्या वेळात क्लिक मोजत बसणाऱ्यांपैकी किती जणांना खरंच फरक कळतो, याची मला शंकाच आहे.

खरा प्रश्न उंचीचा. स्प्रिंगची कॉलर जितकी खाली, तितकी शॉकअपला दबायला जागा कमी. ती संपली की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर बसते. गतिरोधकावर त्याचा ‘धाड’ आवाज येतो, तेवढ्यावर भागतं. पण वेगात वळताना बाहेरचं पुढचं चाक बंप स्टॉपला टेकलं, की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कितीतरी वाढतो आणि नाक सरळ बाहेर पळतं. म्हणजे सोसायटीच्या गेटसाठी जी उंची लागते, ट्रॅकसाठीही साधारण तीच लागते. खाली बसवलेली गाडी फोटोत छान दिसते, एवढंच. शिवाय पोलोसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढे शॉकअपच चाकाला वरून धरतो अशा) गाडीत खालचा आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारी दांडी, आडव्याच्याही वर कलली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातं, आणि कडक स्प्रिंग घालूनही गाडी हवी तेवढी सपाट राहत नाही.

आणखी एक मेख: किटवर ‘३० ते ५० मिमी खाली’ लिहिलेलं असतं ते युरोपातल्या पोलोच्या हिशोबाने. आपली गाडी मुळातच उंच. म्हणून मी परवानगी असलेल्या थ्रेडच्या अगदी वरच्या टोकाला कॉलर ठेवली. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायर बदलला तरी आकडा बदलत नाही. पहिल्या काही आठवड्यांत स्प्रिंग थोडी बसते. पुन्हा मोजून मगच अलाइनमेंट करा.

बसवताना एका गॅरेजने खालच्या आर्मचे बुश-बोल्ट (बुश म्हणजे सांध्यातलं रबर) गाडी लिफ्टवर लटकत असतानाच आवळले. हे अगदी सर्रास चालतं. चाकं हवेत असताना बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरल्यावर कायम पीळ धरून बसतं. आधी कुरकुर, मग फाटलेला बुश. सगळे बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर घेऊन पुन्हा आवळले, तेव्हा कुठे आवाज थांबला. स्ट्रट माउंट आणि बेअरिंग मात्र याच वेळी नवीन टाका, मजुरी एकदाच पडते.

रस्त्यावर कमी वेगात गाडी मूळपेक्षा कडक आहे, हे मान्यच. पण खंबाटकी उतरताना ब्रेक दाबला की नाक पूर्वीसारखं बुडत नाही, आणि हायवेवर ८० च्या पुढे ती उलट जास्त शांत चालते. स्पीडब्रेकरचा आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेसचा) नमुना ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच. तसा एखादा भेटला तर त्रास नाही. आमच्या गल्लीतला म्हणजे सिमेंटचा बांध आहे, तिथे चौघं बसलेले असले की तिरकंच जावं लागतं.

ट्रॅकवर पहिलं वळण, वेगवान उजवं, तिथे फरक लख्ख कळतो. आधी स्टिअरिंग वळवल्यावर गाडी कलून स्थिर व्हायची वाट बघावी लागायची, आता ती लगेच वळते. बाहेरच्या टायरचा खांदा मात्र अजूनही खातो. पोलोला पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) बॉल जॉइंटचे बोल्ट सैल करून जेमतेम मिळतो, त्यानंतर टो (चाकांची आत-बाहेरची दिशा) पुन्हा लावावाच लागतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा), तिथे काही हलत नाही. पुढचा खर्च कॅम्बर प्लेटचा, दुसरं काय!

पावसाळ्यानंतर थ्रेडमध्ये चिखल घट्ट बसतो. ब्रश, पाणी आणि जाड ग्रीस. हे टाळलं तर कॉलर फिरवायला हातोडी लागेल.

ट्रॅकवर जाणारच नसाल तर बिलस्टाइनचेच बी६ शॉकअप पुरे: उंची मूळचीच, डॅम्पिंग चांगलं, कॉलरची भानगड नाही. आणि जाणार असाल तर विम्याचा कागद आधी वाचा. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हरच्या बाहेर असतं, त्यामुळे भिंतीला लागलेला बंपर बहुधा स्वतःच्याच खिशातून.