घरी जाऊन शुश्रूषा: सगळ्यांना एकच फॉर्म, काही महिन्यांच्या वापरानंतर

अंबाजोगाईहून केज-धारूरच्या गावांत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करण्याचं काम आमचा ट्रस्ट करतो. आधी प्रत्येक सिस्टर आपापल्या वहीत लिहायची, ‘तब्येत ठीक, थोडी मदत लागते.’ थोडी म्हणजे किती, ते तिचं तिलाच ठाऊक. ती रजेवर गेली की बदली सिस्टरचा पहिला दिवस चौकशीतच जायचा. पावसाळ्यापासून सगळ्यांना एकच छापील फॉर्म आहे. त्यात गुण देऊन मोजायच्या तीन प्रश्नावल्या आहेत: बार्थेल (खाणं, अंघोळ, कपडे अशी रोजची स्वतःची कामं), लॉटन (स्वयंपाक, पैसे अशी घर-व्यवहाराची कामं), ब्रेडन (पडून राहून होणाऱ्या जखमांचा धोका), आणि शेवटचं एक पान आमचं स्वतःचं.

सगळ्यात कामाचा बार्थेल. १९६५ चा आहे, दहा बाबी आणि एकूण १०० गुण. माणसाला काय जमेल ते लिहायचं नाही, तो रोज प्रत्यक्ष काय करतो ते लिहायचं, हा त्याचा नियम मला फार पटला. एका घरी मुलगा ओसरीवर बसून ठणकावून सांगत होता, “बापू समदं स्वतःच करतेत.” दारातली सून काही बोलेना, फक्त मान हलवत होती. सिस्टरने विचारलं, “आज धोतर कुणी नेसवलं?” नातवानं. “अंगावर पाणी कुणी घातलं?” त्यानंच. कपड्यांचे १० चे ५ झाले, अंघोळीचे ५ चे शून्य. ‘जमतं का?’ विचारलं की घराची अब्रू मधे येते, ‘आज सकाळी कुणी केलं?’ विचारलं की खरं बाहेर पडतं.

बार्थेलमधल्या जिना चढण्याच्या प्रश्नावर आमच्यात बरीच वादावादी झाली. पत्र्याच्या घराला कुठला आलाय जिना? काहींचं म्हणणं, ओट्याच्या दोन पायऱ्या धरा. मी नको म्हटलं, कारण मग आमचे गुण दवाखान्यातल्या गुणांशी जुळणार नाहीत. पायऱ्या आणि उकिडवं बसता येतं का, हे आता बाजूला वेगळं लिहितो.

लॉटनची मूळ गुणपद्धत १९६९ ची. त्यात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम, धुणं विचारायचंच नाही असं होतं. आमच्याकडे विचारलं तरी आजोबा म्हणणार, “मी कशाला भाकरी थापू?” म्हणून ‘कधी केलंच नाही’ असा रकाना वाढवला. पैशाच्या व्यवहाराला मात्र श्रावणबाळचे पैसे बँकेतून कोण काढून आणतं, एवढा एक प्रश्न पुरतो.

ब्रेडन बेडसोरसाठी. ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली आले की धोका. गुण देणं सोपं, पण सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. माकडहाडाला हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते पाहावंच लागतं.

बार्थेलची मोठी उणीव स्मरणाची. एका आज्जींचे बार्थेलमध्ये ९५ गुण. खातात, चालतात, स्वतः लुगडं नेसतात, आणि मध्यरात्री कडी काढून वावराकडे निघतात. कागद म्हणतो मदत नको, आणि घरात महिनोन्‌महिने कुणी धड झोपलेलं नाही. नुसत्या बार्थेलवर सिस्टरच्या फेऱ्या ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

कॅनडा, न्यूझीलंडमध्ये इंटरराई नावाची सगळं एकत्र असलेली पद्धत आहे. त्यात बहुतेक प्रश्न मागच्या तीन दिवसांपुरते असतात, आणि सांभाळणारं माणूस थकलंय का हेही विचारतात. आमचं शेवटचं पान त्यावरून सुचलं: घरात कोण आहे, आणि कधीपर्यंत? बीडमध्ये हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हातारीचे गुण भाद्रपदात होते तेच असतात, पण सांभाळायला शाळकरी नात उरते. त्यामुळे टोळ्या निघायच्या आधी आम्ही सगळे फॉर्म नव्याने भरतो आणि कारखाने बंद होईपर्यंत त्या घरी फेऱ्या वाढवतो. पूर्वी हे कुणाच्या वहीत येतच नव्हतं.

तक्रारी आहेतच. पहिल्या भेटीत तासाच्या वर वेळ जातो, आणि काही आज्यांना शी-शूचे प्रश्न परक्यासमोर नको वाटतात. त्यासाठी आधी पुरुष मंडळींना चहाच्या निमित्तानं बाहेर काढावं लागतं.

कुणी सुरू करणार असेल तर एकाच रुग्णाचा फॉर्म दोन सिस्टरना वेगवेगळा भरायला लावा आणि शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त तफावत ‘शौचालयाला जाणं’ या ओळीत आली. एकीनं नुसतं तिथवर चालत जाणं धरलं होतं, दुसरीनं कपडे सावरणं आणि नंतर स्वतःला स्वच्छ करणंही. आता त्या ओळीखाली तिन्ही गोष्टी छापून घेतल्या आहेत.