पावणेतीन लाखांचा ‘लायका’, आत निघाला झोर्की

शेअर विकून जुना कॅमेरा घेतलेला माणूस दुरुस्तीच्या टेबलापाशी येतो, तेव्हा त्याची तक्रार साधीच असते: रीळ टाकलं, पण फोटो पुसट येतात. कॅमेरा देखणा असतो. सोनेरी मुलामा, वर गरुडाचं चिन्ह, जर्मन हवाई दलाची मालकी सांगणारी ‘लुफ्तवाफे’ ही अक्षरं. १९३०च्या दशकातला लायका, म्हणजे नामांकित जर्मन कॅमेरा, म्हणून पावणेतीन लाख मोजलेले. लेन्स फिरवून काढली, आत टॉर्च मारला, की पुढचं बोलणं जड जातं.

आत रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणारी यंत्रणा, जोडलेला लायका १९३२ साली आला. त्याच्या माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसते त्या खाचेत, वरच्या बाजूला, दांडीच्या टोकाशी बारीक गोल चाक असतं. लेन्सची मागची कडा त्या चाकाला ढकलते आणि फोकस जुळतो. या सोनेरी कॅमेऱ्यात चाकाच्या जागी पाचरीसारखं भरीव टोक दिसतं. ही सोव्हिएत कारखान्याची खूण. खार्किवमध्ये १९३४पासून ‘फेड’ आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४८पासून ‘झोर्की’ लाखांनी बनले, दोन्ही लायकाची नक्कल. मुळात ते वाईट कॅमेरे नाहीत. त्यांच्या खऱ्या नावाने काही हजारांत मिळतात. फसवणारे वरचं नाव घासून काढतात, जर्मन नाव कोरतात आणि मुलामा चढवतात.

लेन्सही तशीच. पुढे ‘एल्मार ५ सेंमी’ हे लायकाच्या लेन्सचं नाव कोरलेलं, पण काच तिरपी धरली की जांभळट झाक दिसते. युद्धापूर्वीच्या एल्मारवर लेप नसायचा. काहींवर तो नंतर चढवला गेला, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्या पाहाव्यात. एल्मारमध्ये त्या पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात, इंडस्टार या सोव्हिएत लेन्समध्ये दुसऱ्या काचेच्याही मागे, खोल. आणखी एक खूण: लायकाने सोनेरी ‘लुक्सस’ खरोखर काढला होता, पण तो पहिल्या मॉडेलवर आणि शंभराहून कमी नगांत. त्या मॉडेलला आत जोडलेला रेंजफाइंडर नव्हताच. सोनेरी कॅमेऱ्यावर समोर तीन खिडक्या दिसल्या, तर पैसे खिशातच ठेवा.

पण माणूस फसतो तो कॅमेऱ्याने नव्हे, आलेखाने. विक्रेता सेन्सेक्सची रेषा दाखवतो आणि शेजारी लायकाच्या ‘शून्य मालिके’चे, म्हणजे विक्रीआधीच्या चाचणी कॅमेऱ्यांचे, लिलाव: २०११ साली १३.२ लाख युरो, २०१२ साली २१.६ लाख, २०१८ साली २४ लाख, २०२२ साली १ कोटी ४४ लाख. आकडे खरे आहेत, रेषा खोटी आहे. हे चार वेगवेगळे कॅमेरे. अशा नमुन्यांची संख्या दोन डझनांच्या आसपास, आणि शेवटचा तर लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याने स्वतः वापरलेला, त्याचं नाव कोरलेला. शेअरचा आलेख एकाच वस्तूचा रोजचा भाव दाखवतो. इथे चार परकी माणसं एका रांगेत उभी करून ‘मुलगा किती वाढला बघा’ म्हटलंय.

शिवाय, त्या १ कोटी ४४ लाखांतले २४ लाख ही खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेली रक्कम. हातोडा पडला १ कोटी २० लाखांवर. हेच गणित घरी करून पाहा. समजा, १ लाखाच्या बोलीवर २० टक्के देऊन कॅमेरा १ लाख २० हजारांना पडला. पाच वर्षांनी दीड लाखाची बोली लागली. विक्रीचं कमिशन १५ टक्के गेलं, हाती १ लाख २७ हजार ५००. मधल्या काळात शटरची साफसफाई आणि पडदे बदलणं यावर १५ हजार गेले असतील, तर भाव दीडपट होऊनही साडेसात हजारांचा तोटा. शेअर विकला तर पुढच्याच कामकाजाच्या दिवशी व्यवहार मिटतो, आणि त्याला बुरशी लागत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात. ते काचेचा लेप खातात आणि तो पुन्हा भरून येत नाही. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट हवं. केस वेगळी ठेवावी.

घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: लेन्स काढून माउंटच्या आतला, लेन्सच्या मागच्या बाजूचा आणि अनुक्रमांकाचा जवळून. ‘सीलबंद आहे, उघडला तर किंमत जाईल’ असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. या कॅमेऱ्याची लेन्स हाताने फिरवून निघते, त्याला सील नसतं. ‘दरवर्षी अमुक टक्के नक्की’ म्हणणाऱ्याला लेखी हमी आणि बिल मागा. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक आणि ‘अस्सल’ हा शब्द हवा.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन दिले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन; जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. जाहिरात, संभाषण आणि पावतीचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण जाहिरात सर्वांत आधी गायब होते. पोलिसांत फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली होते. आणि कॅमेरा दुरुस्तीला देऊ नका, घासूनपुसूनही ठेवू नका. कोरीव अक्षरांखाली जुन्या रशियन अक्षरांचे ओरखडे राहिले असतील, तर तोच तुमचा पुरावा आहे.