सेजमॅथसेल नोट्समध्ये बसवून चार महिने झाले, खानापूरहून रिव्ह्यू

मी खानापुरात सेकंड पीयू (म्हणजे बारावी) आणि डिग्रीच्या पोरांना गणित शिकवतो, घराच्या माडीवरच क्लास आहे. आधी नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकत होतो, पोरं डाउनलोड करायची आणि उघडायचीच नाहीत. म्हणून यंदा नोट्सचं साधं वेबपेज केलं आणि त्यात सेजमॅथसेल बसवलं, म्हणजे पानातच गणित चालवून बघायची चौकट, तिलाच सेल म्हणतात. फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही.

काम सोपं आहे. पेजमध्ये सेजमॅथसेलची स्क्रिप्ट (तयार कोड) जोडायची, पाहिजे तिथं रिकामी जागा ठेवायची आणि कुठल्या जागेत सेल उघडायचा ते दोन ओळीत सांगायचं. वाचणाऱ्याला चौकट दिसते, आतलं गणित बदलता येतं, बटण दाबलं की ते सगळं सर्व्हरवर जातं, तिथं सेज चालतं आणि उत्तर त्याच पानावर खाली येतं. पोराच्या मोबाइलमध्ये काहीच घालावं लागत नाही. सेज म्हणजे विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं गणिताचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, पोटात मॅक्सिमा, जीएपी अशी गणिताची बरीच सॉफ्टवेअर मंडळी आहेत, इंटिग्रेशनचं बरंचसं काम मॅक्सिमाच करतं. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश टाकलं की ०.५ येत नाही, सरळ १/२ येतं, मला तर तिथंच पटलं.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली ते पण सांगतो. एका सेलमध्ये फंक्शन लिहिलं, दुसऱ्यात त्याचा ग्राफ काढायला गेलो तर लाल अक्षरात एरर, फंक्शन माहीतच नाही म्हणून. प्रत्येक सेल आपापल्या घरात राहतो, एकत्र नांदवायचे असतील तर लिंक्ड हा पर्याय चालू करावा लागतो, ते मी वाचलंच नव्हतं. शिवाय चलासाठी एक्स सोडून दुसरं अक्षर वापरायचं तर आधी जाहीर करावं लागतं. मागच्या बाकावरनं आवाज आला, "ओ सर, वाय कोण हे त्याला ठाऊकच नाही की!" आणि वर्डमधून कोड कॉपी करू नका, अवतरण चिन्हं वाकडी होतात आणि अर्धा तास चूक सापडत नाही.

खरी मजा आली ती भास्कराचार्यांच्या गणितात. एक्सच्या वर्गातून वायच्या वर्गाची ६१ पट वजा केली तर १ उरला पाहिजे, दोन्ही शून्याहून मोठ्या पूर्ण संख्या. मी आधी ६१ च्या जागी ६० घेतले आणि वाय एकेक वाढवत शोधणारा छोटा लूप सेलमध्ये लिहिला, लगेच ३१ आणि ४ आले. मग एका पोरीनं ६० चे ६१ केले आणि बटण दाबलं. फिरायलंय, फिरायलंय, आणि मग सर्व्हरनं काम मधेच तोडलं. कोडमध्ये चूक नव्हती, फुकटच्या सर्व्हरवर वेळेची मर्यादा असते, इथं तर वाय २२६१५३९८० पर्यंत जातो आणि एक्स १७६६३१९०४९. ते आकडे हातानं टाकून वजाबाकी केली तर बरोब्बर १, वर्ग १९ अंकी होतो तरी एक अंक इकडचा तिकडं नाही. हे उत्तर भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीनं, म्हणजे एका उत्तरावरनं पुढचं काढत फेऱ्या मारत, कॉम्प्युटरविना काढलं होतं म्हटल्यावर वर्ग दोन मिनिटं गप्प, जे माझ्या वर्गात सहसा होत नाही.

आता कुरकुर. सगळा जीव नेटवर आहे. स्लायडर करता येतात, दिसतात पण झकास, पण प्रत्येक वेळी सरकवलं की सर्व्हरकडं जाऊन परत यायचं, आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की टॉवर पण जातो, मग तो स्लायडर म्हणजे नुसती रेघ. त्यामुळं ग्राफ हलवून दाखवायचा असेल तर मी जिओजेब्रा लॅपटॉपवर ऑफलाइन ठेवलंय, आणि आकडेमोड, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स एवढंच सेलमध्ये. काही फुकट ब्लॉगवाले स्क्रिप्ट काढूनच टाकतात, तेव्हा आधी एका पानावर चालवून बघा.

मी चार स्टार देतो. दुसऱ्या दिवशी मी चक्रवाल पद्धतच सेलमध्ये लिहून आणली, ६१ टाकले, बटणावरचं बोट उचलायच्या आत उत्तर खाली हजर होतं. ती पोरगी आता १०९ टाकून बघायलीय.