पंधरा रुपयांची रिंग: छोटा मिक्सर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

धनत्रयोदशीच्या सकाळी मिक्सर गेला. कप दाबून फिरवला की नुसतं ‘टक’ वाजायचं, पातं जागचं हलायचं नाही. आई सोऱ्याला तेल लावून चकल्यांच्या तयारीत, आणि मी ओट्यापाशी उभा राहून मिक्सरच्या फटीत अडकलेली वाळकी नाचणी टूथपिकने खरवडतोय. तेव्हाच ठरवलं होतं की एक स्टार देऊन मोकळं व्हायचं. आता राग बराच उतरलाय, मिक्सरही चालू झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

मॉडेल म्हणजे तेच, कप उलटा करून दाबायचा आणि फिरवून लॉक करायचा प्रकार. चारशे वॅट, दोन कप, दोन पाती. मार्चमध्ये 2,199 रुपयांना घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी जी मुख्य तक्रार आहे ती या घडणीच्या कुठल्याही मिक्सरला लागू पडेल.

घरात 750 वॅटचा तीन भांड्यांचा चांगला मिक्सर असताना हा कशाला, असं आईनेही विचारलं होतं. कारण आमची लेक. ती तीन महिन्यांची असताना शीमध्ये शेंबडासारखं आणि लाल धागे दिसायला लागले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की ही गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असावी. आईने खाल्लेल्या दुधातली प्रथिनं अंगावरच्या दुधातून बाळापर्यंत पोचतात. बायकोने दूध, दही, पनीर, तूप, पेढे, सगळं बंद केलं. डॉक्टरांनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि चहा काळा झाला. दोन-अडीच आठवड्यांत लाल धागे थांबले. मग खात्रीसाठी त्यांच्याच सांगण्यावरून तिने पुन्हा दूध घेतलं, तर चौथ्या दिवशी धागे हजर. या प्रकारात रक्ताची तपासणी बहुतेक काही दाखवत नाही, बंद करून पुन्हा देऊन बघणं हीच परीक्षा. (दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं हा प्रकार वेगळा. त्यात असलं काही घरी करून बघायचं नसतं.)

हे ‘लॅक्टोज पचत नाही’ वालं प्रकरण नाही, हे नातेवाइकांना सांगून सांगून माझा घसा बसला. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. आमचं भांडण प्रथिनांशी. म्हणून लॅक्टोज नसलेलं दूध आणलं तरी उपयोग शून्य. म्हैस आणि बकरी यांचीही प्रथिनं गाईच्या इतकी जवळची की तेही बाद. वर्ध्याच्या काकांनी बकरी बांधायची तयारी दाखवली होती, ते प्रेम वेगळं.

तर मार्चमध्ये सहा महिने झाले, उष्टावण झालं. खीर नाही, मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं पाणी. त्यावरही घरात दोन दिवस अबोला होता. आणि लक्षात आलं की घरच्या मिक्सरच्या तिन्ही भांड्यांत लस्सी, श्रीखंडाचा चक्का आणि कढीचं वाटण आलटून पालटून फिरतं. मग लेकीचा मिक्सर वेगळा, हा माझा निर्णय. त्यावर खडूने नाही, नेलपॉलिशने लाल ठिपका दिला. लाल ठिपक्याच्या भांड्यात दुधाचं काही जाणार नाही, असा वटहुकूम.

पहिले दोन महिने मी या मिक्सरवर फिदा होतो. नाचणी रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवला की सत्व तयार. एप्रिलच्या शेवटी आपल्या गच्चीवर ते एका दुपारीत कडकडीत वाळतं, नागपूरच्या उन्हाचा हा एवढा एकच फायदा. वाळलेला साका या मिक्सरमध्ये पिठीसारखा बारीक होतो. एक मिनिट चालवा, दोन मिनिटं थांबा, नाहीतर मोटर तापून वास सोडते. दूध बंद म्हटल्यावर कॅल्शियमसाठी नाचणी लागतेच, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. उकडलेलं गाजर, भोपळा, डाळ, सगळं गुळगुळीत व्हायचं. एकच त्रास, तीन-चार चमच्यांचं वाटण असेल तर ते कपाच्या भिंतींना चिकटून बसतं आणि पातं हवेत फिरतं. म्हणून जास्तीचं वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचो. तेव्हा विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

बाजारातलं तयार अन्न का नाही, तर पाकीट उलटं करून वाचा. बाळांच्या बऱ्याच तयार सिरीयलमध्ये मिल्क सॉलिड्स असतात, बिस्किटांत असतात, काही ब्रेडमध्येही. व्हे, केसीन, केसिनेट, ही सगळी त्याच कुटुंबातली मंडळी. हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, दूध शाकाहारीच धरलं जातं. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची वेगळी ओळ असते, ती वाचायची. माझा चष्म्याचा नंबर याच वर्षी वाढला.

आता तूप. “एवढ्याशा तुपानं काय होते बाप्पा? तूप म्हणजे दूध काय?” हे आईचं वाक्य मी रोज ऐकलं. तिला म्हटलं, तूप कढवल्यावर खाली बेरी राहते ना, ती दुधातल्या प्रथिनांचीच. गाळलं तरी थोडं तुपात राहतंच. तिला पटलं नाही. शेवटी एक दिवस गोळाभात केला होता, त्यावर तिने नेहमीसारखं हिंग-मोहरीचं कढवलेलं तेल सढळ हाताने ओतलं, आणि मी तिथेच पकडलं. गोळाभाताला तेल चालते, मग नातीच्या वरणभाताला काहून नाही? त्या दिवसापासून लेकीच्या खिचडीत एक चमचा शेंगदाण्याचं नाहीतर तिळाचं तेल पडतं, आणि ते आईच घालते.

हे विषयांतर झालं. रिंगवर येतो.

जूनमध्ये ताई अमरावतीहून आली. पावसाचा पत्ता नाही, उकाडा तसाच. मोठ्या मिक्सरचं भांडं सिंकमध्ये पडलेलं, म्हणून तिने लाल ठिपक्याच्या कपात मठ्ठा फिरवला. बिचारीला ठिपक्याचा कायदा माहीत नव्हता. तिने लगेच घासून, विसळून ठेवलं, मला नंतर कळलं. मी कप आणि पातं पुन्हा धुतलं, वरून उकळतं पाणी ओतलं. दुसऱ्या संध्याकाळी त्यातच पेज झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी लाल धागा.

मी मिक्सर घेऊन बसलो. पात्याच्या झाकणात एक खाच असते आणि त्या खाचेत पांढरी रबरी रिंग. सूरीच्या टोकाने उचकटली तर खाली पिवळट पांढरा थर, त्याला आंबूस वास. तीन महिने मी ती रिंग काढायची असते हे जाणतच नव्हतो. माहितीपत्रकात पात्याला हात लावू नका, ओल्या हाताने प्लग लावू नका असं सोळा भाषांत आहे, रिंग काढून धुवा असं एका भाषेत नाही. आणि उकळतं पाणी ओतून मी समाधानी होतो! त्याने जंतू मरतील, पण प्रथिन म्हणजे काही जंतू नव्हे. ते घासून, साबणाने धुऊनच जावं लागतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर बायकोला हे मान्य नाही. तिचं म्हणणं, त्याच आठवड्यात ती मैत्रिणीकडे डोहाळजेवणाला गेली होती, तिथे खाल्लेल्या कोशिंबिरीत दही असणार. गोवर-रुबेलाच्या नवव्या महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. रिंगचा फोटो दाखवला. ते हसले. म्हणाले, या प्रकारात इतक्या कणभर अंशाने होईलच असं नाही, पानातल्या कोशिंबिरीची शक्यता जास्त, पण रिंग काढून धूत जा. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी अजूनही म्हणतो रिंगच. कोशिंबिरीत दही होतं हे कोणी बघितलंय? थर तर मी स्वतः बघितला.

त्याच भेटीत मिक्सरला दुसरा फटका बसला. डॉक्टरांनी विचारलं, “काय देता?” मी कौतुकाने सांगितलं, सगळं एकदम गुळगुळीत. ते म्हणाले, नऊ महिन्यांच्या बाळाला अजून पेस्ट कशाला? आता हाताने कुस्करा, लहान गाठी राहू द्या, नाहीतर चावायला शिकणार नाही. मऊ पोळीचा तुकडा, उकडलेल्या गाजराची कांडी हातात द्या. अंडं सुरू करा, दाण्याचा कूट पेजेत कालवून द्या, दूध वगळता बाकी गोष्टी उगाच लांबवू नका. म्हणजे 2,199 रुपयांच्या यंत्राचं मुख्य काम तीन महिन्यांत संपलं होतं आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. विकत घेताना हा हिशेब करा: सहा ते आठ-नऊ महिने, बस. पुढचं काम काट्याने आणि बोटांनी होतं. आमच्याकडे तो पुढे टिकला तो नाचणी सत्व, दाण्याचा कूट आणि जवसाच्या चटणीवर.

रिंग रोज काढून धुवायला लागलो आणि नवीनच त्रास सुरू झाला. रोज सूरीने उचकटून ती ढिली पडली. दिवाळीच्या आसपास कपातून थेंब गळायला लागले, गळलेली पेज खालच्या फटींत, तिथून स्विचपर्यंत, आणि धनत्रयोदशीला ‘टक’.

सर्व्हिस सेंटर सीताबर्डीत, एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. मानेवाड्याहून पहिली चक्कर फुकट, दिवाळीमुळे बंद. दुसऱ्या चकरीत काउंटरवरच्या मुलाने मिक्सर हलवून कानाशी धरला.

“भाऊ, आत पाणी गेलं. वॉरंटीत नाही बसत.”

“पाणी गेलं कारण रिंग गळते.”

“रिंग रबर पार्ट आहे. रबर पार्ट वॉरंटीत नाही.”

“ठीक आहे, रिंग विकत द्या.”

“रिंग सेपरेट येत नाही. पूर्ण पात्याचा सेट घ्या लागते. सहाशे नव्वद. मोटरचं वेगळं बघू.”

दोन वर्षांची मोटरची वॉरंटी आहे म्हणे. मोटर बिघडणार पाण्याने, पाणी जाणार रिंगमधून, आणि रिंग कशातच बसत नाही. मग वॉरंटी नेमकी कोणत्या संकटासाठी? टोल फ्री क्रमांकावर बावीस मिनिटं सनई ऐकली, शेवटी उत्तर तेच, फक्त जास्त गोड आवाजात.

घरी येताना महालात बडकस चौकाकडे गाडी वळवली. तिथल्या एका गल्लीत कुकर-मिक्सर दुरुस्तीचं, एका माणसाला बसता येईल एवढंच दुकान आहे. म्हातारबुवांनी पात्याचं झाकण हातात घेतलं, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या रिंगांच्या माळेतून तीन काढल्या, दोन बाजूला ठेवल्या आणि तिसरी बसवली. फिट्ट. पंधरा रुपये. मग चार स्क्रू काढून मिक्सरचं बूड उघडलं. “याले काही नाही झालं भाऊ, पोराची खीर गेली आत.” मी सवयीने म्हणालो, खीर नाही, नाचणीची पेज, दूध चालत नाही. त्यांनी ब्रश थांबवून विचारलं, “मंग तूप?” तेही नाही म्हटलं. “अरे देवा,” म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. स्विच साफ करून 120 रुपये घेतले. वॉरंटीचं स्टिकर फाटलं, ते तसंही शोभेलाच होतं. मी चार रिंगा जास्तीच्या घेतल्या. सेटच्या सहाशे नव्वदात छेचाळीस आल्या असत्या.

तेव्हापासून पंधरा दिवस झाले, एक थेंब गळलेला नाही. उलट ही काळी रिंग मूळ पांढरीपेक्षा जाड आहे आणि सूरी न लावता अंगठ्याने निघते. कंपनीला हे जमलं नसतं असं नाही.

आता लेक चौदा महिन्यांची आहे. वर्षाची झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक पायरी सुरू केली. आधी थोडं दूध घालून कडक भाजलेलं गव्हाचं बिस्कीट, तेही चिमटीएवढ्या तुकड्यापासून. पिठात मिसळून बराच वेळ भाजलं की दुधाची प्रथिनं बरीच सौम्य होतात, म्हणून सुरुवात तिथून. बिस्कीट पचलं. आता कप केक चालू आहे, त्यातही काही दिसलं नाही. दही अजून लांब, साधं दूध सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात असं डॉक्टर म्हणतात. आईने कॅलेंडरवर तुपाची तारीख विचारून ठेवली आहे, डॉक्टरांनी दिलेली नाही तरी.

घ्यायचा का? सत्व, कूट, चटणी घरी करणार असाल आणि घरात दुधाची भांडी वेगळी ठेवायची असतील तर घ्या, पण घेतल्या दिवशी रिंग उचकटून बघा आणि महालातून दोन जास्तीच्या आणून ठेवा. नुसती प्युरी करायला घेत असाल तर पैसे ठेवा, पुरणयंत्राच्या बारीक जाळीतूनही तीच प्युरी निघते. यंत्राला तीन स्टार, सर्व्हिसला शून्य, रिंगवाल्या बुवांना पाच.

ताई पुढच्या आठवड्यात पुन्हा येतेय. माळ्यावरून आजीची लाकडी रवी काढली, धुतली आणि फ्रिजच्या शेजारच्या खिळ्याला, तिला दिसेल अशी टांगून ठेवली आहे.