इन्स्क्रिप्टवर आठ महिने: वेग, अचूकता आणि वहीतला तिसरा रकाना

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिकायला घेतली. तोवर सगळं मराठी इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट आयतंच मिळतं, पैसे पडत नाहीत.

मांडणी मला मनापासून आवडली. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे ‘काका’, ‘तारा’ असे शब्द दोन्ही हातांनी आलटूनपालटून पडतात. ‘ख’ हवा तर ‘क’चंच बटण शिफ्टसह. ऱ्हस्व वेलांटी बोलतो तशी अक्षरानंतर द्यायची. आई जुन्या टाइपरायटरवर शिकली, तिला ती आधी द्यायची सवय. तिची बोटं इथे अजून अडतात.

रोज सकाळी पाच मिनिटांचा उतारा आणि वहीत दोन आकडे. पहिल्या दिवशी वेग ९, अचूकता ८१ टक्के. चौथ्या महिन्यात २३ वर पोचले आणि पाच आठवडे तिथेच. रोज तोच आकडा लिहिताना जीव मेटाकुटीला यायचा.

त्यात सरावाचं ॲप स्पेस दिली की एक शब्द धरायचं. ‘कमल’ तीन स्ट्रोकचा, म्हणजे तीनदा बटण दाबायचं, ‘राष्ट्र’ सात स्ट्रोकचा, पण मोजणीत दोन्ही सारखेच. सोपा उतारा आला की वेग वाढल्यासारखा वाटायचा, जोडाक्षरं आली की कोसळायचा. मग मी एकूण स्ट्रोकना पाचाने भागून वेग काढायला लागले. आकडे जरा भरवशाचे झाले, तरी अचूकता ८९ च्या पुढे सरकेना.

खरा फरक पडला तो तिसऱ्या रकान्याने. त्यात फक्त चुकलेली अक्षरं लिहायची. दहा दिवसांनी पान पाहिलं तर अर्ध्याहून अधिक चुका एकट्या ‘ऱ’च्या! ‘दुसऱ्या’, ‘उताऱ्यात’, ‘वाऱ्यावर’, सगळीकडे मी साधा र देत होते आणि रफार उमटत होता. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे, आणि फरक एका शिफ्टचा. त्याखालोखाल ‘ळ’ आणि ‘ण’, दोन्ही शिफ्टचीच.

मग पंधरा दिवस फक्त याच शब्दांचा सराव केला, तोही बॅकस्पेसला हात न लावता. वेग १८ वर घसरला, पण मी घसरू दिला. अचूकता ९६ झाली आणि त्यानंतर वेग आपसूक वर आला. आज ३४ आणि ९७.

खटकतं ते एवढंच: प्रश्नचिन्हाच्या जागी इथे ‘य’ बसलाय आणि अवतरणचिन्हाच्या जागी ‘ट’. संवाद असलेला उतारा आला की दर ओळीला इंग्रजी कीबोर्डवर जाऊन परत यावं लागतं. असे उतारे मी वहीत वेगळ्या पानावर लिहिते. तिथला वेग अजून २७ च आहे.