‘जपानी हिनोकी’ म्हणून 55,256 रुपयांना विकलेली मोरपंखी

इंदूरच्या पश्चिम भागातील वसाहतींमध्ये छोट्या टेंपोतून ‘जपानी हिनोकी फॉल्स सायप्रस’ या नावाची शोभेची झाडे विकत फिरणाऱ्या एका माणसाने माझी 55,256 रुपयांची फसवणूक केली आहे. हे लिहिताना जितका संताप येतो तितकीच लाजही वाटते, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्याची नोकरी मी केली आहे. तरीही लिहितो आहे, कारण पावसाळा आला की हा माणूस पुन्हा कोणत्या तरी फाटकाशी उभा राहील आणि तुम्हालाही ‘काका’ म्हणून हाक मारेल.

हिशेब असा. कंपाउंडच्या भिंतीलगत लावायची पाच फुटी बारा झाडे, प्रत्येकी 2,850 प्रमाणे 34,200 रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणून 6,156. वाहतूक आणि लावणीचे 1,800, ‘जपानी माती’ आणि मुळांच्या टॉनिकचे 3,600, आणि वर्षभराच्या देखभालीचे आगाऊ 9,500. यातले 20,000 त्याने रोख घेतले आणि उरलेले 35,256 मोबाईलवरून एका व्यक्तीच्या खात्यात मागवले; ते खाते त्याच्या तथाकथित फर्मच्या नावाचे नव्हते. जिवंत रोपांवर जीएसटी लागतच नाही. ही एक गोष्ट जरी कोणी लक्षात ठेवली तरी त्याचे 6,156 रुपये वाचतील, आणि कर मागणाऱ्याकडे कर क्रमांक छापलेले बिल मागितले तर बहुधा बाकीचेही वाचतील.

आता, मी कसा फसलो. त्याने जे सांगितले त्यातले बहुतेक खरे होते. हिनोकी हा जपानचा वृक्ष आहे, हे खरे. इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी हिनोकीच्या लाकडातून नव्याने उभारले जाते आणि 2013 साली ते असे उभारले गेले, हेही खरे. त्याची भावंडे म्हणजे जपानचाच सावारा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लॉसन सायप्रस, हे त्याने अल्बम उघडून दाखवले. सावाराचा निळसर, पिसासारखा ‘बुलेवार्ड’, सोनेरी दोरखंडासारख्या फांद्यांचा ‘फिलिफेरा ऑरिया’ आणि हिनोकीचा बुटका ‘नाना ग्रॅसिलिस’ ही नावे त्याने अचूक उच्चारली. रात्री मी स्वतः इंटरनेटवर तपासले आणि प्रत्येक माहिती बरोबर निघाली. माणूस शुद्ध मराठी बोलत होता, झाडांबद्दल मन लावून बोलत होता, आणि माहिती खरी असली की माल खरा असावा असे समजणे हा काही मूर्खपणा नव्हे. व्यवहारात आपण सगळेच असे समजतो.

परंतु त्याच माहितीत त्याचे पितळ उघडे पडत होते. ‘नाना ग्रॅसिलिस’ वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढतो, म्हणूनच तो छोट्या बागांत आणि कुंड्यांत लावतात. पाच फुटी ‘नाना ग्रॅसिलिस’ म्हणजे काही दशके सांभाळलेले झाड. ते 2,850 रुपयांत कोण देईल? आणि ‘तीन वर्षांत आठ फुटी हिरवी भिंत’ हे आश्वासन त्याच दमात देणारा माणूस एक तर झाड ओळखत नव्हता किंवा गिऱ्हाईक ओळखत होता. विदेशी जिवंत रोप भारतात आणायचे तर 2003 च्या पादप संगरोध (प्लांट क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे पादप आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्याने मला जपानी अक्षरांचा, प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद दाखवला, आणि मी त्या कागदाकडे जसे काही वाचता येते आहे अशा थाटात पाहिले.

खरा क्षण मात्र वेगळाच होता आणि तो मला अजून झोपू देत नाही. लावणी चालू असताना एका झाडाची फांदी मोडून अंगणात पडली. तिला निळसर पांढरी झाक असलेली, वाकड्या शिंगांची चार-पाच हिरवी फळे होती. माझी धाकटी बहीण शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती तेव्हा राखीसाठी आलेली होती, आणि फांदी हातात घेऊन तिने सहज विचारले, “दादा, ही तर आमच्या शाळेच्या फाटकाशी असलेल्या मोरपंखीची फळे ना?” मी त्या माणसाकडे पाहिले. तो हसला आणि म्हणाला, “ताई, दोघांचे खानदान एकच, मादी झाडाला अशीच फळे येतात.” हे उत्तर धादांत खोटे होते, कारण मोरपंखी असो वा हिनोकी, एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही शंकू येतात, आणि आपण फळे म्हणतो ते मादी शंकूच. हिनोकीचे शंकू वाटाण्याएवढे, गोल आणि बिनशिंगाचे असतात. शिंगे मोरपंखीला असतात. बहीण गप्प बसली, कारण पाहुणी होती. मी गप्प बसलो, कारण 20,000 रुपये आधीच दिले होते आणि टेंपोवाले मजूर खड्डे खणत होते. त्या वेळी पावसात भिजलेल्या अंगणात, शेजारी कौतुकाने पाहत असताना, कोणीही गप्पच बसला असता.

दिवाळी सरली तेव्हा चार झाडे तांबूस झाली. देखभालीला येणारा मुलगा म्हणे, “मुळे हलवू नका, वॉरंटी जाईल.” शेवटी मीच एक झाड धरून ओढले आणि ते हातात आले, कारण त्याला मूळच नव्हते. मोठ्या मोरपंखीच्या फांद्या तिरक्या छाटून पिशवीतल्या मातीत खोचलेल्या होत्या. सूचिपर्णी झाड तोडल्यावरही कित्येक आठवडे हिरवे दिसते, आणि पावसाळी हवेत तर अधिकच. या धंद्याचे सगळे भांडवल हेच आहे. उरलेली आठ झाडे जिवंत आहेत आणि ती साधी मोरपंखी आहेत, जी इथल्या रोपवाटिकेत याच्या कितीतरी कमी दरात मिळते. ओळखायची सोपी रीत अशी की फांदीची खालची बाजू पाहावी: हिनोकीत तिथे इंग्रजी वाय अक्षरासारख्या पांढऱ्या रेषा दिसतात, सावारात एक्ससारख्या, आणि मोरपंखीचे पर्णगुच्छ उभे असून दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे असतात.

त्यानंतर सुरू झाली सरकारी वारी. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने माझा अर्ज वाचून शेजारच्याला ऐकवला, “साहब के पेड़ सूख गए,” आणि दोघे हसले. मी सांगितले की झाडे सुकल्याची ही तक्रार नाही. एक वस्तू सांगून दुसरी विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे. त्यावर हा दिवाणी मामला आहे, असे मला सुनावण्यात आले आणि अर्जाची पोच मागितली तर शिक्का कुलपात आहे असे उत्तर मिळाले. झाडांशी संबंधित सरकारी कार्यालयात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले की त्यांचा संबंध फळझाडांशी आणि शेतकऱ्यांशी आहे, शोभेच्या झाडांशी नाही. मग शोभेची झाडे कोणाच्या अखत्यारीत येतात, असे विचारल्यावर त्यांनी मला पुन्हा ठाण्यात जायला सांगितले. बँकेने उत्तर पाठवले की पैसे तुम्ही स्वतःच्या संमतीने पाठवले आहेत, जणू संमतीवाचून फसवणूक होत असते. एका तक्रार क्रमांकावर मी सारा वृत्तांत, पावतीचे छायाचित्र आणि मूळ नसलेल्या फांदीचे छायाचित्र पाठवले. कोणीही फोन न करता संदेश आला की तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. समाधान कोणाचे झाले, हे त्यात लिहिलेले नव्हते. साठीच्या माणसाला एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पाठवताना यातल्या एकाही अधिकाऱ्याला त्या टेंपोचा क्रमांक लिहून घ्यावासा वाटला नाही, आणि तो क्रमांक माझ्याजवळ होता!

ज्यांना खरोखरच फॉल्स सायप्रस हवा आहे त्यांनी आधी आपली जमीन पाहावी. त्याला थंड, दमट हवा आणि पाणी निचरणारी, किंचित आम्ल माती लागते. आपली माळव्याची काळी माती पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यात चुना असतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि कोरडा वारा पाने भाजून काढतो. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोगजंतू मुळे कुजवतो, आणि लॉसन सायप्रस तर त्याच्या मायदेशीही या रोगाने मरतो. हौसच असेल तर एखादे छोटे रोप कुंडीत, दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवून पाहावे. कुंपणासाठी कामिनी किंवा मेहंदी लावावी, नाहीतर योग्य दरात मोरपंखीच घ्यावी. तिची छाटणीही हिरव्या भागापुरतीच करावी. माझ्याकडच्या त्या मुलाने दोन झाडे पार तपकिरी लाकडापर्यंत कापली आणि तिथे आता नवी फूट येत नाही. पिशवी फाडून मुळे पाहू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. रोख आगाऊ तर मुळीच देऊ नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवावे. माझ्यासारखे दिवाळीपर्यंत थांबलात तर तुमचेही कोणी ऐकणार नाही.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. अर्जासोबत हाताने लिहिलेली पावती जोडली आहे, जिच्यावर ‘हिनोकी 12 नग’ असे स्पष्ट लिहिले आहे. असे शब्द लिहिलेली पावती तुमच्याकडे असेल तर ती फाडू नका, आणि मेलेली झाडे कचरागाडीत टाकण्याआधी त्यांच्या बुंध्यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा, कारण विरुद्ध पक्षाचा पहिला बचाव हाच असेल की तुम्ही पाणी घातले नाही.