अ‍ॅस्टेरिस्क, फ्रीस्विच की कॅमेलिओ? आधी काम ठरवा

ही तिन्ही नेटवर्कवरून फोन कॉल चालवणारी सॉफ्टवेअरं. पंधरा-वीस एक्स्टेंशनचं (आतल्या फोनचं) ऑफिस, ‘विक्रीसाठी एक दाबा’ असा मेनू, व्हॉइसमेल आणि कॉलची रांग एवढंच हवं असेल तर अ‍ॅस्टेरिस्क टाका नि मोकळे व्हा. १९९९ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, अडलात तर उत्तर सापडतं. फक्त जुने धडे बघून चॅन-सिपचं, म्हणजे सिप (कॉल जोडण्या-तोडण्याचा प्रोटोकॉल) हाताळणाऱ्या जुन्या भागाचं, कॉन्फिगरेशन उतरवू नका. २१व्या आवृत्तीत ते काढूनच टाकलंय, आता त्याच्या जागी पीजेसिपच. रांगेत ‘रिंगइनयूज’ हे सेटिंग मुळात ‘येस’ असतं, म्हणून बोलत असलेल्या माणसाचाच फोन पुन्हा वाजतो. ते ‘नो’ करा.

आवाज एकाच बाजूला ऐकू येतो, ही तक्रार ठरलेली. चूक बहुधा नॅटची, म्हणजे राउटर आतला पत्ता बदलून बाहेरचा लावतो त्याची, असते. पीजेसिपच्या ट्रान्सपोर्ट विभागात मीडिया (आवाज) आणि सिग्नलिंग (कॉल जोडणं-तोडणं) दोन्हींसाठी बाहेरचा आयपी भरा, लोकल नेट (आतलं नेटवर्क) द्या, एंडपॉइंटवर (फोनच्या नोंदीत) डायरेक्ट मीडिया, म्हणजे दोन फोनमध्ये थेट आवाज, बंद करा. राउटरवर आवाजासाठी १०००० ते २०००० क्रमांकांची यूडीपी पोर्ट उघडा आणि तिथलं सिप एएलजी (सिपचे संदेश वाटेत बदलणारी सोय) आधी बंद करा. ते मदतीपेक्षा घोळच जास्त घालतं.

कॉन्फरन्ससाठी फ्रीस्विच सरस. वेगवेगळ्या सॅम्पल रेटचे (सेकंदाला किती नमुने घेतले त्या दराचे) आवाज ते सहज एकत्र करतं. पण त्याचं कॉन्फिगरेशन एक्सएमएलमध्ये असतं, ते वाचायचा कंटाळा असलेल्यांनी लांबच राहावं. नव्या इन्स्टॉलेशनवर कॉल दहा सेकंद अडकतो तो बिघाड नव्हे: मूळ पासवर्ड १२३४ तसाच ठेवलात तर डायलप्लॅन (कॉल कुठे न्यायचा याचे नियम) मुद्दाम थांबवतो. व्हार्स फाइलमध्ये पासवर्ड बदला, अडथळा गेला.

कॅमेलिओ मात्र पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) नाहीच. तो सिप प्रॉक्सी, म्हणजे सिपचे संदेश पुढे पाठवणारा मध्यस्थ आहे, आवाजाला हात लावत नाही. त्यासाठी शेजारी आरटीपीइंजिन बसवावं लागतं. कॅमेलिओकडून मेनू किंवा व्हॉइसमेलची अपेक्षा धरणारे हकनाक वेळ घालवतात. हजारो फोनचं रजिस्ट्रेशन आणि मागच्या सर्व्हरांमध्ये कॉलवाटप, हे त्याचं काम. एकच अ‍ॅस्टेरिस्क असेल तर कॅमेलिओ पुढे बसवण्यात सहसा अर्थ नाही, दुसरा सर्व्हर आला की विचार करा.

कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कॅमेलिओत रेकॉर्ड-राउट (पुढचे संदेशही आपल्यामार्फतच यावेत ही प्रॉक्सीची नोंद) घालायचं राहिलंय का बघा. ते नसलं की एसीके (कॉल उचलल्याचं कळल्याची पोच) प्रॉक्सीला टाळून थेट निघतो, नॅटमागे हरवतो आणि पलीकडचा सर्व्हर वाट बघून कॉल सोडतो. कॅमेलिओतला कॉलवाटपाचा अल्गोरिदमही कामानुसार निवडा. साध्या कॉलना क्रमांक ४, म्हणजे पाळीपाळीने, चालतो. मागे अनेक फ्रीस्विच असतील तर कॉन्फरन्सला ३ लावा, तो रिक्वेस्ट-यूआरआयवरून (कॉल ज्या पत्त्यावर करायचा त्यावरून) सर्व्हर ठरवतो. नाहीतर एकाच मीटिंगची माणसं दोन सर्व्हरवर जाऊन बसतात आणि एकमेकांना ‘हॅलो, हॅलो’ करत राहतात.